घरच्या माणसाने केलेल्या शुश्रूषेचे वेतन

एखाद्या प्रौढ अपंग व्यक्तीला अंथरुणातून उठण्यासाठी, आंघोळीसाठी, जेवणासाठी आणि रात्री कूस बदलण्यासाठी दुसऱ्याची मदत लागते, हे शासनाच्या वतीने रीतसर तपासले गेले आहे आणि त्या मदतीसाठी आठवड्याचे ठरावीक तास मंजूरही झाले आहेत, असे धरून चालू. हे तास एखाद्या संस्थेने पाठवलेल्या मदतनिसाने भरले तर त्याला सार्वजनिक निधीतून वेतन मिळते. तेच तास त्या व्यक्तीच्या आईने, भावाने किंवा पत्नीने भरले तर अनेक देशांच्या व्यवस्थांमध्ये वेतनाचा विषयच संपतो. गरज तीच, काम तेच आणि मंजुरीचा कागदही तोच असतो. काम करणारा माणूस नात्यातला आहे एवढाच काय तो फरक. या एका फरकामुळे वेतनाचा हक्क नाहीसा होऊ नये, असे माझे मत आहे. या मताविरुद्ध घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी बहुतेक मला पोकळ वाटतात. एक आक्षेप मात्र इतका भक्कम आहे की वेतन कसे द्यायचे याची सगळी रचना तो समोर ठेवूनच करावी लागते.

हा वाद सर्वांत उघडपणे लढला गेला तो न्यूझीलंडमध्ये. अपंग व्यक्तीसाठी मंजूर झालेली सेवा तिच्या आईवडिलांनी, जोडीदाराने किंवा एकाच घरात राहणाऱ्या नातलगाने दिली तर त्यांना पैसे द्यायचे नाहीत, असे तेथील आरोग्य मंत्रालयाचे धोरण होते. प्रौढ अपंग मुलांच्या काही पालकांनी आणि त्यांच्यासोबत काही अपंग व्यक्तींनी त्याविरुद्ध दाद मागितली. कौटुंबिक नात्यावरून भेदभाव करण्यास तेथील मानवी हक्क कायद्यात मनाई आहे, त्यामुळे मायेचे मोल करावे की करू नये असल्या चर्चेत न्यायाधीशांना शिरावेच लागले नाही. शेजाऱ्याने केलेल्या कामाला पैसे देता, मग आईने केलेल्या त्याच कामाला का देत नाही, एवढेच मंत्रालयाने सांगायचे होते, आणि पटेल असे उत्तर त्याला देता आले नाही. मानवी हक्क न्यायाधिकरणाने २०१० च्या जानेवारीत पालकांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने आणि २०१२ च्या मे महिन्यात अपील न्यायालयाने तो उचलून धरला.

त्यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. सरकारने सर्वोच्च न्यायालयात जाण्याचे टाळले आणि २०१३ च्या मे महिन्यात, अर्थसंकल्पाच्या पाठोपाठ, एक दुरुस्ती कायदा तातडीची बाब म्हणून एकाच दिवसात संमत करून घेतला. त्या कायद्याखालील योजनेने घरच्यांना वेतन देण्याची वाट उघडली खरी, पण ती किमान वेतनाच्या दराने, आठवड्याला जास्तीत जास्त चाळीस तासांपुरती आणि पती-पत्नींना वगळून. शिवाय या धोरणाविरुद्ध भेदभावाची तक्रार घेऊन मानवी हक्क आयोगाकडे किंवा न्यायालयात जाण्याचा मार्गच त्या कायद्याने बंद केला. खटला हरलेल्या पक्षाने न्यायालयाला कुलूप घालावे, तशातला हा प्रकार. त्यात आणखी एक विपरीत गोष्ट होती. मंत्रालयाला मालक व्हायचे नव्हते, म्हणून अपंग व्यक्तीलाच कागदोपत्री आपल्या आईची किंवा वडिलांची मालक ठरवण्यात आले. मग त्या व्यक्तीला तीव्र बौद्धिक अपंगत्व असले आणि करार म्हणजे काय हे तिला उमगत नसले तरीही. चार वर्षांसाठी ९ कोटी २० लाख न्यूझीलंड डॉलरची तरतूद झाली होती, पण सरकारने धरले होते त्याच्या मानाने फारच थोडी कुटुंबे योजनेत आली. अटी अशा घालायच्या की माणूस दारातूनच परत फिरावा आणि मग मागणीच नाही म्हणायचे, हा प्रकार सरकारी योजनांना काही नवीन नाही. अखेर २०२० मध्ये तो कायदा मागे घेण्यात आला, जोडीदारांनाही वेतन मिळू लागले आणि दर बाहेरच्या मदतनिसांच्या दराजवळ आणले गेले.

कर्तव्याचा आक्षेप सर्वांत जुना आहे. आपल्या माणसाचे करणे हे कर्तव्य आहे, त्याचे पैसे कसले मागायचे, असे म्हणणाऱ्याला स्वतःला ते कर्तव्य बहुधा करावे लागलेले नसते. ब्रिटनने १९७६ मध्ये अपंग माणसाची काळजी घेण्यासाठी नोकरी सोडणाऱ्यांना भत्ता सुरू केला, तेव्हा विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले. त्या घरीच असतात, त्यांची कमाई बुडतच नाही, हा त्यामागचा हिशेब. आईच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडलेल्या एका विवाहित स्त्रीने हे आव्हान युरोपीय न्यायालयापर्यंत नेले आणि १९८६ च्या जूनमध्ये ती जिंकली. निकालाच्या आदल्याच दिवशी सरकारने विवाहित स्त्रियांनाही भत्ता देण्याचे जाहीर करून टाकले होते. म्हणजे दहा वर्षे ‘कर्तव्य’ या नावाखाली जे चालले ते प्रत्यक्षात स्त्रियांच्या श्रमाला शून्य किंमत देणेच होते. कर्तव्याचा मुद्दा पुरुषांपुढे क्वचितच ठेवला जातो, हे यानिमित्ताने नोंदवून ठेवतो.

कर्तव्य नसतेच असे मला म्हणायचे नाही. प्रत्येक नात्यात विनामूल्य करायच्या गोष्टी असतात आणि त्या तशाच राहाव्यात. पण मंजूर झालेले तास हे त्यांच्या पलीकडचे असतात. मूल्यमापन करताना ‘घरचे जेवढे सहज करू शकतात तेवढे’ आधीच वजा केलेले असते. उरलेल्या गरजेची जबाबदारी शासनाने स्वतःच्या तोंडाने स्वीकारलेली असते. ती जबाबदारी आई पार पाडते म्हणून शासनाचे देणे फिटत नाही. शासन ती फुकट पदरात पाडून घेते, एवढाच त्याचा अर्थ होतो. जिथे मदतनीस मिळतच नाहीत, दुर्गम भागात कोणी यायला तयार नसते किंवा आलेला माणूस आठवडाभरात काम सोडून जातो, तिथे तर आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना अशी त्या कुटुंबाची गत होते: शासन माणूस पाठवत नाही आणि घरच्या माणसाला पैसेही देत नाही.

पैशामुळे माया आटते, या आक्षेपावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. परिचारिकेला पगार मिळतो म्हणून तिची आस्था खोटी ठरत नाही, आणि घरभाडे थकलेल्या आईच्या मायेला दारिद्र्याने काही झळाळी येत नाही.

आता तो भक्कम आक्षेप. तो करदात्यांचा नाही आणि संस्कृतिरक्षकांचाही नाही. तो स्वतः अपंग व्यक्तींनी घेतलेला आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे अपंगांनी स्वतःच चालवलेले स्वतंत्र जीवनाचे केंद्र उभे राहिले, आणि तिथून जगभर पसरलेल्या चळवळीचे म्हणणे असे होते की आम्हाला आश्रित म्हणून सांभाळले जाणे नको; कोणी, केव्हा आणि कशी मदत करावी हे आम्ही ठरवणार. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील एकोणिसावे कलम हेच सांगते: कुठे आणि कोणाबरोबर राहायचे हे निवडण्याचा अपंग व्यक्तीला इतरांइतकाच अधिकार आहे. या दृष्टीने पाहिले तर घरच्यांना वेतन देण्यात धोका दिसतो. मुलाच्या अपंगत्वावर घराचे उत्पन्न अवलंबून राहिले तर तिसाव्या वर्षी त्याने वेगळे बिऱ्हाड करावे असे वाटले तरी ते बोलून दाखवणे त्याला जड जाईल. त्याचे तास कमी व्हावेत, त्याने काही कामे स्वतः शिकून घ्यावीत, नोकरी धरावी, यात घराचा तोटा असेल. आई वाईट असते म्हणून हे घडते असे नाही. महिन्याचा खर्च त्या पैशातून भागत असला की चांगल्या माणसालाही बदलाची भीती वाटू लागते. आणि जिथे छळ किंवा हेळसांड होत असेल, तिथे तक्रार करायची कोणाविरुद्ध? मदतनीस, पालक, घरमालक आणि कित्येकदा कायदेशीर निर्णय घेणारी व्यक्ती, या चारही भूमिका एकाच माणसाकडे असतात.

हा आक्षेप मला मान्य आहे. त्यातून ‘म्हणून वेतनच देऊ नका’ असा जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र मान्य नाही. वेतन बंद केल्याने त्या चार भूमिका वेगळ्या होत नाहीत. त्या तशाच एकवटलेल्या राहतात, फक्त घर अधिक गरीब होते. विनामोबदला काळजी घेणाऱ्या आईवर मुलगा जितका अवलंबून असतो, त्यापेक्षा वेतन घेणाऱ्या आईवर तो अधिक अवलंबून असतो असे मानायला काही आधार नाही. उलट वेतन असले की करार येतो, कामाचे वर्णन येते, तासांची नोंद होते आणि ‘हे माणूस बदलून द्या’ असे म्हणण्याची सोय निर्माण होते. आक्षेपाचा खरा रोख भूमिकांच्या एकवटण्यावर आहे, आणि त्यावर उपाय करता येतात. वेतन घेणाऱ्या नातलगानेच त्या व्यक्तीच्या वतीने सेवेची योजना ठरवू नये; ते काम दुसऱ्या कोणाकडे असावे, मग तो दुसरा नातलग असला तरी चालेल. घरच्या माणसाला नेमण्याचा निर्णय अपंग व्यक्तीचा असावा आणि तो तिला कारण न देता फिरवता यावा. योजनेचा आढावा घेणाऱ्याने त्या व्यक्तीशी, नातलग खोलीत नसताना, तिला समजेल त्या माध्यमातून बोलावे. आणि माझा सर्वांत वादग्रस्त आग्रह असा की मंजूर तासांपैकी काही तास बाहेरच्या माणसासाठी राखूनच ठेवावेत. अनेक पालकांना हा अविश्वास वाटेल. पण ज्या व्यक्तीच्या आयुष्यात घराबाहेरचे एकही माणूस येत नाही, तिची निवड कागदावरच राहते, आणि तिला नाही म्हणायचे असले तरी ते ऐकायला दुसरे कोणी नसते.

प्रत्यक्ष अनुभव काय सांगतो? अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आर्कान्सा, न्यू जर्सी आणि फ्लोरिडा या राज्यांत ‘कॅश अँड काउन्सेलिंग’ नावाचा प्रयोग झाला. अपंग आणि वृद्ध लाभार्थींपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून निवडावे तसे निवडून सेवेऐवजी खर्चाचे अधिकार दिले गेले आणि बाकीचे संस्थांच्या सेवेवर राहिले. अधिकार मिळालेल्यांपैकी अनेकांनी नातलगांनाच नेमले. त्यांचे समाधान वाढले, अपुऱ्या राहिलेल्या गरजा कमी झाल्या आणि प्रकृतीच्या बाबतीत ते दुसऱ्या गटापेक्षा मागे पडले नाहीत. आर्कान्सामध्ये वैयक्तिक मदतीवरचा खर्च वाढला, आणि त्याचे एक मोठे कारण विचार करायला लावणारे आहे: संस्थांच्या सेवेवर असलेल्यांना मंजूर झालेली मदत पूर्ण मिळतच नव्हती. जुनी व्यवस्था स्वस्त दिसत होती ती कबूल केलेले काम न केल्यामुळे.

तरीही पैशाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज फुकट काम करणारे सगळेच उद्या बिल घेऊन उभे राहतील, ही अर्थखात्यांची भीती अगदीच काल्पनिक म्हणता येत नाही. इंडियाना राज्यात २०२३ च्या अखेरीस वैद्यकीय साहाय्य योजनेच्या अंदाजात सुमारे एक अब्ज डॉलरची तूट निघाली, आणि लहान अपंग मुलांच्या आईवडिलांना ताशी दराने दिले जाणारे वेतन हे तिचे एक कारण असल्याचे राज्याने सांगितले. २०२४ च्या जुलैपासून ते वेतन थांबवून कमी मोबदल्याच्या दुसऱ्या व्यवस्थेकडे कुटुंबांना वळवण्यात आले. ज्या घरांनी त्या उत्पन्नाच्या भरवशावर नोकरी सोडली होती, त्यांना काही महिन्यांची सूचना मिळाली. मला यातून दिसते ते असे की तासांची मर्यादा आणि मूल्यमापनाची शिस्त पहिल्या दिवसापासून असावी लागते. कॅलिफोर्नियात घरपोच मदतीच्या योजनेत काम करणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक नातलगच आहेत, तिथे पालक आणि जोडीदारही वेतन घेतात, आणि एका व्यक्तीसाठी महिन्याला २८३ तास ही कमाल मर्यादा आहे. ती व्यवस्था अनेक दशके चालू आहे. आधी सैल सोडायचे आणि मग एकदम आवळायचे, यात शासनाची बचत होते, कुटुंबाचे मात्र कंबरडे मोडते.

लहान मुलांच्या बाबतीत रेषा वेगळी आखावी लागेल. तीन वर्षांच्या कोणत्याही मुलाला भरवावेच लागते; अकरा वर्षांच्या मुलाला नळीतून अन्न द्यावे लागणे, रात्री दर दोन तासांनी त्याचा श्वासमार्ग मोकळा करावा लागणे, हे कोणत्याही पालकाकडून अपेक्षित असलेल्या कामात मोडत नाही. त्या वयाच्या इतर मुलाला लागते त्यापेक्षा जे जास्त, तेवढ्याचेच वेतन, ही कसोटी अमेरिकेच्या नियमांत आहे आणि ती मला न्याय्य वाटते. पती-पत्नींबाबतही तीच लागू करता येते.

रकमेबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण तत्त्व मान्य करून आकड्यात बोळवण करणे ही नेहमीची युक्ती आहे. जर्मनीतील शुश्रूषा विमा १९९५ पासून आहे. त्यात गरजू व्यक्ती संस्थेची सेवा घेऊ शकते किंवा तिच्याऐवजी रोख रक्कम घेऊन ती घरच्यांना देऊ शकते. २०२५ मध्ये तिसऱ्या श्रेणीच्या गरजेसाठी सेवेची मर्यादा महिन्याला १,४९७ युरो होती, तर रोख रक्कम ५९९ युरो. घरच्या माणसाचे काम निम्म्याहून कमी किमतीचे, असे कायद्यानेच ठरवून टाकलेले. तरीही घरी राहणारे बहुसंख्य लोक रोखच घेतात, आणि यातच शासनाची बचत आहे. जर्मनीची एक गोष्ट मात्र सर्वांनी उचलावी अशी आहे: आठवड्यातून किमान दोन दिवस मिळून दहा तास शुश्रूषा करणाऱ्या आणि बाहेर तीस तासांहून अधिक नोकरी न करणाऱ्या नातलगाच्या नावे हा शुश्रूषा विमाच निवृत्तिवेतनाचे हप्ते भरतो. रोख घेणाऱ्यांच्या घरी ठरावीक काळाने सल्लागाराची भेटही सक्तीची आहे.

ब्रिटनमधला भत्ता याच्या अगदी उलट टोकाला आहे. आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेणाऱ्याला तो मिळतो, पण बाहेरची कमाई ठरलेल्या मर्यादेच्या एक पौंडही वर गेली की संपूर्ण भत्ता जातो. २०२४ मध्ये ही मर्यादा आठवड्याला १५१ पौंड होती. कमाई मर्यादेवर गेल्याची माहिती सरकारी यंत्रणेकडे येत असूनही वर्षानुवर्षे त्या लोकांना कोणी कळवले नाही आणि मग हजारो पौंडांची वसुली एकदम मागितली गेली, अशी असंख्य प्रकरणे त्या वर्षी उजेडात आली. एप्रिल २०२५ पासून मर्यादा १९६ पौंड झाली, पण तो एका पौंडाचा कडा तसाच राहिला. भत्ता आणि वेतन यांतला फरक इथे कळतो. भत्ता घेणाऱ्याने आपली गरिबी सिद्ध करत राहायचे असते. वेतन घेणाऱ्याने काम केल्याचे दाखवले की पुरते. म्हणून दर बाहेरच्या मदतनिसाइतकाच हवा, रजा हवी, आजारपणात बदली माणूस हवा, दुखापतीचा विमा हवा. पाठीचे दुखणे माणूस नातलग आहे की परका हे पाहून येत नाही.

देखरेखीबद्दल एक तक्रार. अमेरिकेने २०१६ च्या एका कायद्याने वैयक्तिक मदतीच्या प्रत्येक भेटीची इलेक्ट्रॉनिक पडताळणी सक्तीची केली: कोण, कुठे, किती वाजता आले आणि गेले. बाहेरून येणाऱ्या मदतनिसासाठी त्याला अर्थ आहे. त्याच घरात राहणाऱ्या आईने आपण ‘आल्याची’ आणि ‘गेल्याची’ नोंद फोनवर करायची, याला काय म्हणावे? काही राज्यांनी घरात राहणाऱ्यांना सूट दिली, ते बरे केले. गैरव्यवहार होणारच नाही असे नाही, पण तो घड्याळाने सापडत नाही. अपंग व्यक्तीची तब्येत, तिची त्वचा, तिचे वजन, तिचा दिवस कसा जातो, हे जाणत्या माणसाने येऊन पाहिले तर सापडतो.

आणि काम संपते तेव्हाचे काय, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक योजनेत दुर्लक्षित आहे. वीस वर्षे मुलाची शुश्रूषा करणारी आई पासष्टाव्या वर्षी थकते; तिच्याजवळ अनुभवाचे प्रमाणपत्र नसते, निवृत्तिवेतन नसते, आणि तिच्या जागी येणाऱ्या माणसाची तयारी कोणी केलेली नसते. त्याहून वाईट म्हणजे ज्याची शुश्रूषा केली तो माणूस गेला की त्याच आठवड्यात उत्पन्नही जाते. ब्रिटनमध्ये काळजी घेणाऱ्याचा भत्ता मृत्यूनंतर आठ आठवड्यांपर्यंत चालू राहतो. इतर अनेक ठिकाणी तेवढेही नाही. बाहेरच्या मदतनिसाला त्याची संस्था दुसऱ्या घरी पाठवते, नातलगाला दुसरे घर नसते. म्हणून या कामाची वर्षे नोकरीची वर्षे म्हणून धरली जावीत, काम संपल्यावर किमान सहा महिन्यांचे संक्रमणवेतन मिळावे, आणि हवे असल्यास त्याच अनुभवावर प्रशिक्षित मदतनीस म्हणून नोंदणी करण्याची सोय असावी. मदतनिसांची टंचाई असल्याची तक्रार प्रत्येक शासन करते. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या या माणसांची यादी मात्र कोणत्याच खात्याकडे नसते.